बटण दाबलं की सैनिक तयार: कोकणातल्या खेळात हे चालेना

जांभाचिरा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं फावल्या वेळात एक डावपेचांचा खेळ बनवतोय. चेऊलपासून वेंगुर्ल्यापर्यंतची किनारपट्टी आणि मागचा सह्याद्री. काळ ढोबळ: बहमनींच्या शेवटच्या दिवसांपासून खांदेरीच्या झुंजीपर्यंत, म्हणजे १६७९. (हे मध्ययुग कसं, असं कोणी विचारायच्या आत: आपल्याकडे मध्ययुग अठराव्या शतकापर्यंत ओढतात, त्यामुळे मी निर्धास्त आहे.)

गणपतीत गावी गेलो तेव्हा भाच्याला खेळायला दिला. वय बारा. त्याने अर्ध्या तासात दाभोळ घेतलं, तासाभरात राजापूर, आणि ऐन आषाढात चाळीस गलबतं घेऊन जंजिऱ्यावर चालून गेला. जिंकलासुद्धा. बाबा मागे खुर्चीत बसून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "आषाढात आपली होडी कुठे असायची रे?"

आमची होडी आषाढात अंगणाच्या कडेला असायची. जेठाचे ढग दिसायला लागले की पुळणीवर आडवे ओंडके टाकायचे, त्यांना माशाचं तेल चोपडायचं आणि आठ-दहा जणांनी हैसा करत ती वर ओढायची. मागचा सुटलेला ओंडका उचलून पुढे नेऊन टाकायचं काम आम्हा पोरांचं. मग होडीवर माडाच्या झापांचं छप्पर. शाकारली की नारळी पुनवेपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. आणि हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने खेळ लिहिला, त्यात आषाढात आरमार निघतं!

त्या रात्री सैन्यभरतीचा सगळा कोड काढून टाकला.

आधी काय होतं? जगभर असतं तेच. बराक बांधा, अन्न आणि सोनं भरा, भालाईत बाहेर. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये घर बांधलं की ५ माणसांची जागा होते आणि ५० अन्न दिलं की नवा गावकरी हजर. त्यात माझं अख्खं कॉलेज गेलंय, तक्रार नाही. पण तिथे माणूस अन्नापासून तयार होतो. आपल्याकडे तो कुठल्या तरी वाडीतून उठून येतो, आणि तो उठला की तिथलं एक काम पडून राहतं.

म्हणून आता शहर हा एक चौकोन नाही. खाडीच्या तोंडाशी बंदर, मागे पेठ, दोन्ही काठांना वाड्या, खाली भातखाचरं आणि आगरं (माड-पोफळीच्या बागा), वर वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन, शेवटी घाट. प्रत्येक वाडीचं एक पान: घरं किती, हात किती, खाचरं किती, माड-पोफळी किती. नऊ पाईक आणि त्यांचा नाईक, असे पाच नाईक एका हवालदाराखाली. हवालदाराची तुकडी उभी केली की पन्नास हात या पानांवरून खोडले जातात. दसऱ्याला घेतलेत तर फारसं बिघडत नाही, भात झोडायला आलेलं असतं. मिरगाला घेतलेत तर पुढच्या वर्षी कोठार रिकामं.

वस्तीही आपोआप वाढत नाही. ओसाड पडलेलं गाव वसवायचं तर कौल, म्हणजे सवलतीचं वचन, द्यायचा. पहिल्या वर्षी नावापुरता सारा, मग वर्षागणिक चढता. जुन्या कागदांत याला इस्तावा म्हणतात. खेळाडूला पहिल्याच वर्षी पूर्ण सारा उकळायचा मोह होतो. उकळलात की पुढच्या खेपेला पानावर 'घरं: ०'. लोक रातोरात शेजारच्या मुलखात.

एक डाव म्हणजे एक पंधरवडा, वर्षाचे चोवीस डाव. पौर्णिमेच्या डावात उधाण, तेव्हा मोठी तारवं खाडीत आतपर्यंत जातात. अमावस्येच्या डावात नाहीत.

अडलोय ते असं. घोडदळाचं काय करू कळत नाही. लढाई हरलं की हात जातात, हात गेले की भात जातं, आणि खेळाडू त्यातून वरच येत नाही. तिसरं, पावसाच्या चार-पाच डावांत करायला काहीच नाही. भाचा मोबाइल हातात घेतो.

शून्यबग

वाचनखूण साठवली. घरातला माणूस उचलून सैनिक करायचा, ही कल्पना मॅनर लॉर्ड्स या खेळात आहे (२०२४ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच, आला). तिथेही शिबंदी गावातल्या कुटुंबांतूनच उठते आणि माणूस मेला की कामाचे हात कमी होतात. तुमच्याकडे वेगळं काय, तर कॅलेंडर. त्यालाच धरून बसा.

खड्ड्यात घसरत जायच्या प्रश्नावर: खेळाडूला खड्डा आधी दिसू दे. आत्ता तुम्ही पन्नास हात खोडता आणि फटका आठ डावांनी बसतो. तोवर त्याला आपण काय केलं तेच आठवत नाही. भरतीच्या खिडकीतच दाखवा: "या वाडीतली सात खाचरं पडीक राहतील". आकडा दिसल्यावरही त्याने घेतले तर तो त्याचा निर्णय. शिवाय हरलेले सगळे मरत नाहीत. पळालेले दोन-तीन डावांनी लंगडत घरी येऊ देत. परत लढायला येणार नाहीत, पण शेतावर उभे राहतील.

आणि कृपा करून प्रत्येक माणसाला नाव देऊ नका. मी एका खेळात दिलं होतं. चाचणीला बसलेल्याने चारशे नावांची यादी बघून खेळ बंद केला. वाडीला नाव द्या, पुरे.

गाबीतवाडा

जांभाचिराभाऊ, खेळ बरो दिसता. पण भरती-ओहोटीचा गणित चुकलासा. उधाण पुनवेक येता तसाच अवसेकय येता. मधल्या अष्टमी-नवमीक भांग, म्हणजे पाणी कमी चढता. म्हणजे तुमच्या एका पंधरवड्यात दोनय येऊन गेली, मगे खेळणाऱ्याक फरक काय कळतलो? आमचो आजो सांगी, भांगाच्या पाण्यात भरलेला गलबात खाडयेत घालू नको, रुतान बसतला.

(पुढचं सगळ्यांसाठी मराठीत.) डाव आठवड्याचा करा. एक उधाणाचा, एक भांगाचा, आलटून पालटून. मग गंमत येईल. उधाणाला माल भरून आत गेलात आणि सामान उतरवायला एक डाव जास्त लागला, की भांगात अडकलात. पुढच्या उधाणापर्यंत खाडीत कोंडलेले. शत्रूने तोंडावर चार होड्या आणून लावल्या की झालं. वाशिष्ठीतून दाभोळहून गोवळकोटपर्यंत माल जायचा तो भरतीच्या पाण्यावरच.

जांभाचिरा

लाज वाटली. समुद्राकाठी जन्म आणि अमावस्येचं उधाण विसरलो. आठवड्याचा डाव आजच करतो, वर्षाचे अठ्ठेचाळीस होतील. अधिक महिना ज्या वर्षी येईल त्या वर्षी काय करायचं ते मी बघणार नाही, आधीच सांगतो.

दफ्तरबंद

घोड्यांबद्दल. कोकणात घोडदळाची बराक असूच नये. तिथे घोडा पैदा होत नाही, तो बंदरात उतरतो. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून तारवाने येणार, चेऊल-दाभोळला उतरणार, घाट चढून देशावर जाणार. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास हुर्मुझहून निघून चेऊलला उतरला, तोही एक घोडा विकायला घेऊन. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून अडवून ठेवलं. पुढे तो परत मिळाला. या देशात घोडे निपजत नाहीत, आणि घोड्यांना कडधान्य आणि साखर-तेल घातलेली खिचडी देतात, असं त्याने लिहून ठेवलंय. पावसाळ्यातल्या चिखलाचीही तक्रार आहे.

म्हणजे तुमच्या खेळात घोडा हा माल आहे. वर्षाला ठरावीक तारवं येणार, पाऊस लागायच्या आत. खेळाडूपुढे दोन रस्ते: घोडे स्वतः ठेवा नाहीतर घाटावरच्या सुलतानाला विका. ठेवलेत तर चारा लागणार, आणि कोकणात तो पुरवताना नाकी नऊ येतात.

यावर शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीला गेलेलं पत्र वाचा. पाऊस तोंडावर आला होता आणि घोडी तिथेच ठेवायची होती. पत्रात काळजी आहे ती वैरणीची. साठवलेलं आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि ती तुम्ही मारलीत असं होईल. मग लोक कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी आणू लागतील. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: आगट्या (शेकोट्या) आणि दिवे सांभाळा, नाहीतर दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतोय!

तुमच्या भाच्याला पावसात काम हवंय ना? द्या त्याला शंभर घोडी, मोजकी वैरण आणि एक उंदीर.

पद्धतही तयार आहे. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद (नाल ठोकणारा), एक पखालजी (पाणी वाहणारा). खेळात नालबंद-पखालजी कोणी घेत नाही. तुम्ही घ्या. नालबंद नसलेली तुकडी घाट चढली की निम्मी लंगडी.

फिरस्ता_४२०

शिलाहार (कोकणचे जुने राजे) का नाही घेतले? बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत, त्यांवर चक्क आरमारी लढाई कोरली आहे, वल्ह्यांच्या रांगा दिसतात. यादव महादेव विरुद्ध शिलाहार सोमेश्वर, १२६५च्या आसपास. तेव्हा तर खरंखुरं मध्ययुग. बाकी चालू द्या.

सुपारीबाग

धागा दोनदा वाचला, कारण काहीतरी खटकत होतं. आता कळलं. तुमच्या पानावरचे 'हात' कोणाचे? पन्नास पुरुष मिरगाला नेले तर लावणी बुडते, असं गृहीत धरलंय तुम्ही. लावणी कोण करतं? माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. गेल्या वर्षीपर्यंत इरलं डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. आवा (रोपांची जागा) भाजणं, तरवा (रोपं) काढणं, मुठी बांधणं, लावणं, बेणणं, यातलं बहुतेक काम बायकांच्या पाठीवर. पुरुष हवे असतात ते जोत (नांगर-बैल) धरायला, चिखलणीला आणि बांध घालायला. चिखल झालाच नाही तर लावणार कुठे, म्हणून लावणी बुडते. कारण नीट लिहा.

मग खेळही बदलतो. पानावर दोन रकाने करा. जोताचे हात कमी पडले तर शेजारच्या वाडीचं जोत उसनं आणता येईल, आपल्याकडे पडकई (एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबणं) करतातच. ज्या वाडीशी भांडण लावून ठेवलंय ती देणार नाही. लावणीचे हात मात्र सैन्यात जात नाहीत. म्हणून हरल्यावरही वाडी एकदम मरत नाही, निम्म्यावर तगते. तुमच्या खड्ड्याचं उत्तर इथेच आहे. शिवाय दर्यावर गेलेल्याची मासळी बाजारात नेऊन पैसा करणारीही बाईच. बंदराचं उत्पन्न धरताना तिला विसरू नका.

शहराबद्दल थोडं. चित्रांत तुम्ही तटबंदीच्या आत दाट घरं दाखवली आहेत (आधीच्या धाग्यात बघितली). ते घाटावरचं झालं. आपल्याकडे घर आगरात असतं. पाखाडी (दगडी पायवाट), दोन बाजूंना जांभ्याचे गडगे (कुंपणाच्या भिंती), आत विहीर, विहिरीवर रहाट, रहाटाचं पाणी पाटाने पोफळींना. दोन घरांत पन्नास पावलं अंतर. घर नको, विहीर बांधू द्या आधी. पाणी लागलं तर आगर, आगर लागलं तर घर. पोफळ लावल्यावर सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं, माडालाही तेवढीच. आज लावलेली बाग पुढच्या लढाईला उपयोगी नाही, आणि शत्रूने तोडली तर दुःख किती वर्षांचं ते खेळाडूला आपोआप कळेल.

दफ्तरबंद

@सुपारीबाग, जोताचा मुद्दा अगदी बरोबर. झाडांवरून आठवलं, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल हेच आहे. आंबा-फणसही आरमाराच्या कामाची लाकडं, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. खेळात सरळ बसतं: सागवान लांब, घाटाजवळच्या रानात. आंबा दारात. घाई झाली की खेळाडूचा हात दारातल्या आंब्यावर जाणार. तोडू द्या. मग कौलाला कोणी येत नाही.

शून्यबग

हे बेस्ट आहे. दंड लिहायचा नाही, फक्त लोक येत नाहीत.

जकातीचं काय ठरवलंय? जागतिक खेळांत ती एक पट्टी असते, शून्य ते शंभर टक्के. कंटाळवाणी.

दफ्तरबंद

पट्टी नको, मालागणिक ठेवा. १६७१चं कुडाळच्या सरसुभेदाराला गेलेलं महाराजांचं पत्र आहे, मिठावरचं. गोव्यात पोर्तुगिजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं, व्यापारी तिकडे वळतील आणि आपली बंदरं बुडतील. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल. तुमच्याकडे मिठागरं आहेत की नाहीत? नसतील तर घाला. घाटावर जाणाऱ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि परतताना धान्य, या तांड्यांवर तुमची अर्धी पेठ जगेल. आणि घाटाच्या तोंडावर जकातीची चौकी, नाणेघाटातल्या त्या दगडी रांजणासारखी.

कट्टाखेळी

गावपळण टाका ना राव. मालवणजवळच्या आचऱ्यात दर काही वर्षांनी अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री माणसं-गुरांसकट वेशीबाहेर जातं. खेळाडू पूर्ण तयारीनिशी चाल करून येतो आणि गावात चिटपाखरू नाही. 😂

जांभाचिरा

@कट्टाखेळी, टाकणार. हसू नका, खरंच टाकणार.

तीन आठवडे गायब होतो, कोडात बुडालो होतो. सुपारीबागताईंचे दोन रकाने आले. कोसळायचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. आता मिरगाला भरती करणारा खेळाडू हरत नाही, कुढत बसतो. शून्यबगची आधी इशारा देणारी ओळही आली. घोडदळाची बराक काढली, 'तारू आलं' अशी नुसती बातमी येते आणि किती घोडी उतरवणार ते विचारते. नालबंद आहे. उंदीर आहे. उंदराला मी सगळ्यात जास्त वेळ दिला हे कबूल करतो.

बांधकामात एक भर माझी. जांभ्याचा चिरा खाणीतून काढला की ओला आणि मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, उन्हा-वाऱ्यात पडला की कडक होतो. म्हणून खेळात चिरे काढून काही डाव पडू द्यावे लागतात. घाईत ओल्या चिऱ्यांची भिंत बांधलीत तर पहिल्या तोफेला तट बसतो. चुन्यासाठी शिंपले भाजायची भट्टी. भट्टीला लाकूड. लाकडासाठी पुन्हा त्या आंब्याशी गाठ.

काल भाच्याने परत खेळून बघितलं. दसऱ्याला सव्वाशे माणूस उचलून राजापूर घेतलं, शहाण्यासारखं शिमग्याला परत घरी पाठवलं. मग लोभ झाला. दीडशे घोडी घेतली. आषाढाच्या दुसऱ्या डावात वैरण संपली, तेव्हा तो कुणब्यांच्या वाडीवर हात मारून आला. श्रावणात वाडीची घरं शून्य. मला म्हणतो, "मामा, मी फक्त गवत घेतलं होतं."

पावसाचे डाव अजून थोडे रिकामे वाटतात. सुंभ वळणं, जाळी विणणं घातलंय, पण ते आपोआप होतं. खेळाडूने स्वतः करायचं असं आणखी काही?

सुपारीबाग

तंटे. पावसात माणसं घरी असतात, बांधावरून भांडतात. गोतसभा (तंटे सोडवणारी गावसभा) बसवा. खाचराचा बांध कोणी सरकवला, पाटाचं पाणी कोणी आधी घेतलं. निकाल खेळाडूने द्यायचा, आणि चिडलेली वाडी पुढच्या मिरगाला जोत देणार नाही. चार डाव भरतील.

गाबीतवाडा

आणि होडी शाकारूचा खेळणाऱ्याच्या हातात ठेवलास की तांय आपोआप होता? झापां बांधूक इसरलो तर पावसाच्या पाण्यान फळये फुगतत, मगे उन पडला की फाटतत. नारळी पुनवेक सगळ्यांच्या होड्ये दर्यात आणि ह्येचो अंगणात.

जांभाचिरा

आपोआप होत होतं. आत्ता काढलं. झापं आता हाताने बांधायची, माडाच्या झावळ्या आधी विणून ठेवलेल्या असल्या तरच. बाबांना दाखवलं, ते म्हणाले ओंडक्यांना तेल लावायचं राहिलंय.